पॅचसकट वापरलेला जुना प्रोसेसर: कुठे अडतो, कुठे नाही

चार कोअर, आठ थ्रेडचा माझा 2016 सालचा प्रोसेसर अजून रोज राबतो. लिनक्सवर कोड कंपाइल करणं, पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणं आणि अधूनमधून व्हिडिओ एन्कोड करणं ही त्याची कामं. असा प्रोसेसर सेकंडहँड घेणारे त्याचे जुने बेंचमार्क, म्हणजे वेगाचे मोजलेले आकडे, बघून घेतात, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. ते आकडे जानेवारी 2018 च्या आधीचे असतात. मग प्रोसेसरमधून गुपित डेटा गळू देणारे मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले, ते झाकणारे पॅच येत गेले, आणि चिप तीच असली तरी वेग तो राहिला नाही.

अशा दोषांवरचे कोणते उपाय आपल्या मशीनवर चढलेत ते बघायला लिनक्समध्ये ‘व्हल्नरेबिलिटीज’ नावाची डिरेक्टरी आहे. दर दोषाला एक फाइल, फाइलीत एक ओळ. माझ्याकडे सुरुवातीला मेल्टडाउनपुढे ‘मिटिगेशन: पीटीआय’ (मिटिगेशन म्हणजे उपाय) होतं, आणि नंतर सापडलेल्या तशाच दोषांपैकी रेटब्लीडपुढे ‘मिटिगेशन: आयबीआरएस’, एमडीएसपुढे ‘क्लिअर सीपीयू बफर्स’ आणि त्यालाच जोडून ‘एसएमटी व्हल्नरेबल’, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालतात तिथे धोका उरतोच.

या तिन्ही उपायांची किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, उंबरठ्यावर. प्रोग्रामने फाइल वाचायला मागितली की आत जाताना पीटीआयसाठी पेज टेबल (मेमरीतल्या पत्त्यांचा नकाशा) बदलायचं, आयबीआरएससाठी एका रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि बाहेर पडताना एमडीएससाठी प्रोसेसरचे आतले बफर पुसायचे. एन्कोडर एकदा कामाला लागला की कर्नलकडे फारसा फिरकत नाही, म्हणून तिथे मला फरक जाणवतच नाही. डेटाबेसचं तसं नाही. छोट्या क्वेरींचा मारा सुरू असताना ‘एसट्रेस’ हे साधन लावून सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागण्या, मोजले, तर सॉकेटवर वाच, सॉकेटवर लिही, हीच रांग लागलेली दिसते. मोठ्या रिपॉझिटरीत ‘गिट स्टेटस’ दिलं तरी तेच, प्रत्येक फाइलीमागे कर्नलकडे एक फेरी. नेटवर्क तोडून, सगळे उपाय बंद करणारं ‘मिटिगेशन्स=ऑफ’ देऊन मशीन बूट केलं तेव्हा ही दोन्ही कामं डोळ्यांना दिसेल इतकी हलकी झाली. तरी नेटवर्कला जोडलेल्या मशीनवर तो पर्याय कुणी वापरू नये. ब्राउझरमध्ये दिवसभर परक्यांचा कोड चालतो. त्यापेक्षा फेऱ्या कमी कराव्यात. एकेक ओळ टाकण्याऐवजी पोस्टग्रेसच्या ‘कॉपी’ कमांडने गठ्ठा टाकायला लागल्यापासून माझी बरीचशी तक्रार मिटली.

व्हर्च्युअल मशीन भाड्याने घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. प्रोसेसरची पीसीआयडी ही सोय मिळत असेल तर पेज टेबल बदलताना टीएलबी (अलीकडे वापरलेल्या पत्त्यांचा साठा) दर वेळी रिकामा करावा लागत नाही आणि पीटीआयचा भार बराच उतरतो. एका होस्टिंगवाल्याकडे खालच्या प्रोसेसरमध्ये ती होती, पण गेस्टपर्यंत, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनपर्यंत, पोचवलेलीच नव्हती. ‘सीपीयूइन्फो’ या फाइलीतल्या फ्लॅग्जमध्ये (प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत) तिचं नाव नाही हे बघून तिकीट टाकलं, सेटिंग बदलून मिळालं आणि डेटाबेस लगेच सुधारला. पैसे मोजूनही हे मागावं लागतं याचा राग येतो.

2023 च्या डाउनफॉल या दोषाच्या पॅचचा मला त्रास नाही. त्याची झळ मेमरीत विखुरलेला डेटा गोळा करणाऱ्या ‘गॅदर’ सूचना सतत वापरणाऱ्या गणिती कामांना बसते. काही कामांत ती 50 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असं खुद्द इंटेलने सांगितलं होतं. हायपरथ्रेडिंग, म्हणजे वर आलेलं एसएमटी, मी चालू ठेवलं आहे. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने 2018 मध्येच ते डीफॉल्टने बंद केलं, आणि परक्यांच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याने तसंच करावं. माझ्या मशीनवर मी एकटीच आहे.

सगळ्यात जड पडला तो 2022 चा रेटब्लीडचा पॅच. तो दोष शोधणाऱ्या संशोधकांनीच पॅचचा भार 14 ते 39 टक्के सांगितला होता, आणि माझ्यासारख्या चिपवर आयबीआरएस दर फेरीला आडवा येतोच. कर्नल 6.2 पासून ‘रेटब्लीड=स्टफ’ हा हलका पर्याय आहे. तो आपोआप लागत नाही, बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) स्वतः लिहावा लागतो. तो लावल्यावर कंपाइल आणि डेटाबेस दोन्ही मोकळे झाले, म्हणून आता तोच कायम ठेवणार आहे.