आवडत्या कंपनीची नवी स्पोर्ट्स कूपे: नागपूरच्या रस्त्यांवर काही महिने चालवल्यानंतर

गाडी उन्हाळ्याच्या तोंडावर घेतली, आता थंडी सुरू होते आहे. मे महिन्याची झळ, पावसाळा, समृद्धी महामार्ग, चिखलदऱ्याचा घाट आणि रोजचं बर्डी-धरमपेठ, एवढं सगळं करून झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडी कधी रस्त्यात बंद पडलेली नाही आणि सर्व्हिसवाल्यांनीही त्रास दिलेला नाही. माझं भांडण आहे ते गाडी ज्या विचारातून बनवली त्याच्याशी, आणि तो विचार आता एकाच कंपनीपुरता उरलेला नाही.

याच कंपनीची आधीच्या पिढीची कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, माझ्याकडे अजून आहे. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेलं मोठं इंजिन, सहा गिअरचं मॅन्युअल, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. तिच्यामुळेच मी या कंपनीच्या प्रेमात पडलो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते दोन्ही गाड्यांच्या चाव्या घरात असलेल्या माणसाचं मत आहे.

आधी चांगलं. ब्रेक अप्रतिम आहेत, घाटात सलग वापरूनही पेडल मऊ पडत नाही. सीट इतक्या उत्तम की शिर्डीपर्यंत जाऊन उतरलं तरी पाठ बोलत नाही. समृद्धीवर ही गाडी ज्या शांतपणे चालते त्याला तोड नाही. शिवमडक्याहून चढायचं, १२० ची मर्यादा पाळायची आणि वर्धा कधी मागे पडलं ते कळतही नाही. एसी नागपूरच्या मे महिन्यालाही पुरून उरतो. वेगाबद्दल तर बोलायलाच नको, कागदावर आणि रस्त्यावर दोन्हीकडे नवी गाडी जुनीला सहज मागे टाकते.

आणि तरीही रविवारी पहाटे रामटेककडे निघायचं असलं की हात जुन्या चावीकडे जातो.

याचं सगळ्यात मोठं कारण स्टिअरिंग. जुन्या गाडीत पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते तळहाताला कळायचं. डांबर संपून सिमेंट सुरू झालं, वळणावर ओली पानं पडली आहेत, पुढचा टायर आता पकड सोडण्याच्या बेतात आहे, हे सगळं स्टिअरिंग किंचित हलकं किंवा जड होऊन सांगायचं. नव्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर आहे. ती अचूक आहे, चटकन वळते, पार्किंगमध्ये एका बोटानं फिरते. पण मधल्या मधे तिनं रस्त्याचं सगळं बोलणं गाळून टाकलंय. स्पोर्ट मोड लावला की स्टिअरिंग जड होतं, एवढंच. जडपणा म्हणजे संवाद नाही, हे या कंपनीच्या इंजिनिअरांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. याच कंपनीनं ते आम्हाला शिकवलंय.

कारणं मला ठाऊक आहेत. हायड्रॉलिक पंप इंजिनावर सतत फिरत राहतो आणि तेवढं इंधन खातो. इलेक्ट्रिक मोटर गरज असेल तेव्हाच वीज घेते, आणि लेनमध्ये ठेवणाऱ्या यंत्रणेलाही तीच लागते. प्रदूषणाचे नियम दरवेळी कडक होतात, आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. हे सगळं मान्य. पण इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्येही जीव आणता येतो, हे काही कंपन्यांनी करून दाखवलंय. मेहनत घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

चिखलदऱ्याला हा फरक सगळ्यात जास्त जाणवला. परतवाडा सोडून घाट सुरू झाला की एका मागून एक वळणं, पावसाळ्यात धुकं, कडेला शेवाळ. जुन्या गाडीत मी तिथे कधीच जोरात जात नाही, तरी वर पोचेपर्यंत मन भरून येतं, कारण प्रत्येक वळण मी घेतलेलं असतं. नवी गाडी त्याच वळणांवर जास्त वेगात आणि जास्त सुरक्षित गेली, पण वर कॉफी प्यायला थांबलो तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सोबत आलेला मित्र, जो माझ्याइतकाच या कंपनीचा वेडा आहे, थोडा वेळ चालवून म्हणाला, "गाडी भारी आहे बे, पण मजा नाही येऊन राहिली." मी महिनोन्महिने जे शब्दांत पकडायचा प्रयत्न करत होतो ते त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं.

आता आवाज. नवं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो. सुरुवातीचे काही आठवडे वाटलं, आवाज तसा बरा आहे, जरा घुमतो. मग एकदा वर्धा रोडवर स्क्रीन अडकली आणि आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली. गाणं थांबलं आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाजही गेला! गाडी तेवढ्याच वेगात चाललेली, पाय तिथेच, आणि कानावर फक्त टायरचा आवाज आणि पुढून एक बारीक घरघर. स्क्रीन परत सुरू झाली तसा तो घुमारा परत आला. म्हणजे इतके दिवस जे ऐकत होतो ते बरंचसं स्पीकरमधून येत होतं. हे तंत्र नवीन नाही, बऱ्याच कंपन्या वापरतात. पण स्पोर्ट्स कूपे म्हणून विकलेल्या गाडीत मला इंजिन ऐकायचं असतं, इंजिनाची ध्वनिफीत नाही. मेन्यूत जाऊन तो आवाज आता कमी करून ठेवलाय. जो काही खरा आवाज आहे तोच बरा.

टर्बोची ताकद खालीच, १५०० च्या आसपास आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळायला लागते. व्हेरायटी चौकातून सिग्नल सुटल्यावर हे फार सोयीचं. पण ६००० च्या पुढे इंजिनाकडे देण्यासारखं काही उरत नाही. जुनं इंजिन नेमकं तिथेच जागं व्हायचं, काटा वर नेण्यात एक कमाई होती. त्यात नागपूरचं ऊन. पारा ४५ च्या पुढे गेला की आत येणारी हवा आधीच तापलेली आणि विरळ, टर्बो ती दाबून आणखी तापवतो. मग ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची दमछाक होते आणि इंजिन वाचवायला कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे सरकवतो. मेमध्ये भर दुपारी रिंग रोडवर रांगत आल्यावर गाडी सकाळपेक्षा सुस्त लागते. हा दोष टर्बोच्या भौतिकशास्त्राचा आहे, कोणत्याही टर्बो गाडीत थोडाफार असणारच. पण इथे राहणाऱ्याने तो धरून चालावा.

गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक, मॅन्युअलचा पर्यायच नाही. रोजच्या वापराला उत्तम, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या बायकोला ही गाडी जुनीपेक्षा जास्त आवडते त्याचं कारणही हेच. पण स्टिअरिंगमागची पट्टी दाबून मी गिअर ठरवला तरी आरपीएम टोकाला गेला की गाडी स्वतःच पुढचा गिअर टाकते. चालवणाऱ्यानं ठरवलेलं तिला मान्य नाही. वर वजनही जुनीपेक्षा सुमारे अडीचशे किलोनं जास्त. दिशा बदलताना ते लपवायचा गाडी खूप प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न जाणवतो.

एसीचे कंट्रोल स्क्रीनवर आहेत. उन्हात उभी केलेली गाडी, तापलेलं स्टिअरिंग, घामाची बोटं आणि तीन थरांखाली पंख्याचा वेग. दोन साधी बटणं पुरली असती.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण घेणाऱ्याला उपयोग होईल. गाडीला रनफ्लॅट टायर येतात, स्टेपनी नाही. हवा गेली तरी साधारण ८० च्या वेगानं काही अंतर जाता येतं, म्हणून त्यांच्या बाजू कडक केलेल्या असतात. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या प्रत्येक सांध्यावर तो कडकपणा कमरेत पोचतो. आणि बाजू कापली गेली तर दुरुस्ती नाहीच. परतवाड्याजवळ माझ्यासोबत तेच झालं. तिथल्या टायरवाल्याने साईज वाचून मान हलवली, अमरावतीतही मिळाला नाही. टायर मुंबईहून मागवावा लागला आणि गाडी तोवर तिथेच. नवीन टायर घालायची वेळ येईल तेव्हा साधे घालणार आणि डिकीत एक चाक बाळगणार. समृद्धीवर निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासणं ही तर सवयच करून घ्या, तापलेल्या काँक्रीटवर दाब चांगलाच वाढतो.

उंची कमी असल्याची तक्रार मी करणार नाही, कूपे घेताना ते गृहीतच असतं. फक्त नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांमुळे गल्ल्या खाली आणि मुख्य रस्ता वर अशी पायरी जागोजागी झालीय, तिथे गाडी तिरकी चढवा. नाकाची पट्टी वाचते.

मला निराशा वाटते ती यासाठी, की कंपन्यांनी चाहत्यांचं ऐकल्याची उदाहरणं समोर आहेत. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली, लोक मागे लागले, २०२२ मध्ये तिला सहा गिअरचं मॅन्युअल मिळालं. पोर्शेनं २०१६ मध्ये केमनला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं तेव्हा आवाजावरून नाराजी झाली. नंतर वरच्या मॉडेलांत चार लिटरचं, टर्बो नसलेलं सहा सिलिंडर इंजिन परत आलं. माझदाची एमएक्स-५ तर २०१५ च्या पिढीत आधीपेक्षा हलकी झाली, जपानमधलं साधं मॉडेल हजार किलोच्या आत. नियम त्यांनाही तेच होते. म्हणून "आता असंच असणार" हे उत्तर मला पटत नाही.

घ्यावी का? लांबचा प्रवास आरामात आणि वेगात करायचा असेल, दोन दारांची देखणी गाडी हवी असेल, तर निर्धास्त घ्या. या कंपनीच्या जुन्या गाड्यांनी तुम्हाला वेड लावलं असेल, तर बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्ह लांबवर घ्या. शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंतच्या फेरीत फक्त वेग कळतो. मेन्यूतून कृत्रिम आवाज बंद करायला सांगा, गिअर हाताने टाका, आणि काटोल रोडला शहराबाहेर जिथे वळणं लागतात तिथपर्यंत चालवा. विक्रेता घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्या.