दारव्ह्यातला रविवारचा चित्रकला वर्ग : सहा रविवार, ६०० रुपये

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, झेडपी शाळेच्या भिंती, सगळं करतो. अक्षरावर हात बसलाय, पण भिंतीवर रस्ता काढला की तो लांब जायच्या ऐवजी आभाळात चढायचा. म्हणून दारव्ह्यातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांकडे यथार्थदर्शन, म्हणजे परस्पेक्टिव्ह शिकलो. पैसे पुरते वसूल झाले.

पहिल्या रविवारी सरांनी पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. थेट शकुंतला रेल्वेच्या रुळावर नेलं. गाडी बंद, रुळात गवत माजलेलं. दोन रुळांत अंतर अडीच फूट, टेप लावून मोजलं. दूर पाहिलं तर दोन्ही एका ठिपक्यात मिळतात, तो लोपबिंदू. मग सर म्हणाले, "आता खाली बसा बरं." बसलो, तर क्षितिजरेषाही खाली आली. उभा होतो तेव्हा बाजूच्या वावरातली पऱ्हाटी तिच्या खाली होती, आता शेंडे वर निघाले! क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्याची उंची. वीस वर्षं मी ती भिंतीच्या मधोमध ओढत होतो.

दुसरी खोड खांबांची. माझे विजेचे खांब लहान होत जायचे, पण अंतर सारखंच. "हे असं काहून केलं बावा?" म्हणत सरांनी रेघ ओढली. पहिल्या खांबाच्या टोकावरून, दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून. ती जमिनीच्या रेघेला टेकली तिथं तिसरा खांब. चौथाही तसाच.

आता भिंतीवर लोपबिंदूला खिळा ठोकतो, नीळ लावलेली दोरी बांधतो, ताणून सोडतो. रेघ उमटते. सर म्हणाले, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये मसाच्चो नावाच्या चित्रकारानं १४२५-२७ च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रात अशाच खिळ्याची खूण सापडली आहे. ऐकून अंगावर काटा आला. तोही भिंतीवालाच की!

एक तक्रार आहे. दोन लोपबिंदूंचं, घराच्या कोपऱ्याचं काम एकाच रविवारी उरकलं. शाळकरी पोरांना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची घाई असते, पण मोठ्यांसाठी वेगळा तास हवा. ते बिंदू कागदाच्या बाहेर पडतात, तिथं नवा माणूस हमखास अडतो. मी दोनदा परत जाऊन विचारलं, सरांनी न कंटाळता सांगितलं.

बोर्ड घरूनच न्या. तिथल्या दोन बोर्डांचे कोपरे झिजलेत, टी-स्क्वेअर (टी आकाराची पट्टी) हलतो.