लिटल इथिओपिया : चौघांत एक ताट

लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स अव्हेन्यूवर ऑलिंपिक बुलेवार्डच्या खालच्या अंगाला इथिओपियन हॉटेलांची ओळच आहे. २००२ साली शहराने त्या तुकड्याला ‘लिटल इथिओपिया’ हे नाव रीतसर दिलं. यातल्या कुठल्याही हॉटेलात शिरा, जेवण बिघडलंच तर बहुधा ऑर्डर देतानाच बिघडतं.

इथे सगळ्यांचं जेवण एकाच मोठ्या इंजेऱ्यावर, म्हणजे आंबोळीसारख्या पोळीवर, वाढून येतं. म्हणून शाकाहारी मंडळी असतील तर वेगळं ताट आधीच सांगा. नाहीतर डोरो वॉटचा, म्हणजे कोंबडीच्या कालवणाचा रस्सा बघता बघता मसुरीच्या मिसिर वॉटमध्ये उतरतो. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, ‘यत्सोम’ म्हणजे उपवासाचं मागा. त्यांचे उपवास बुधवार-शुक्रवारचे, आणि आपल्या नेमके उलटे: डाळी, धान्य, कांदा-लसूण चालतो, दूध-तूप अजिबात नाही. शिरो, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं दाट पिठलंच, काही ठिकाणी मसाल्याचं तूप घालून करतात, तेवढं विचारून घ्या.

चौघांनी तिघांपुरतंच मागवावं. आंबवलेला इंजेरा पोटात फुगतो आणि गुंडाळ्या मागाल तशा येत राहतात. दोघांचं ‘बेयाइनेतू’ (सगळ्या भाज्या थोड्या थोड्या) आणि एक डोरो वॉट किंवा टिब्स (परतलेले मटणाचे तुकडे) पुरतं. किटफो हा कच्चा खिमा असतो. तसा नको असेल तर ‘लेब लेब’ म्हणा, नुसता कोमट करून देतात. पूर्ण शिजवलेलाही मिळतो, पण मग किटफो मागवायचा कशाला?

इंजेरा आंबोळीसारखा एकाच बाजूने भाजतात. वर सारखी जाळी हवी, घडी घातली तर तुटता कामा नये. कडा कोरड्या पडून चुरा होत असेल तर तो शिळा. गार असणं हा मात्र दोष नव्हे. इंजेऱ्याचं मूळ धान्य टेफ, पण अमेरिकेत त्यात बऱ्याचदा गहू किंवा जव मिसळलेले असतात. ग्लुटेन चालत नसेल तर निव्वळ टेफचा मिळेल का, ते फोनवरच विचारावं. डोरो वॉटचा कस कांद्यात. कांदा बराच वेळ कोरडाच परतून विरघळायला हवा; दाताखाली आला तर घाई झाली समजा.

तळाचा इंजेरा टाकू नका, सगळे रस त्यातच मुरतात.

कॉफी हवी असेल तर जेवणाबरोबरच सांगून ठेवा. हिरवे दाणे तिथेच भाजतात, जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत उकळतात, तासभर सहज जातो. अबोल, तोना, बेरेका असे तीन फेरे. तिसरा बराच पातळ असतो, पण तो घेतल्याशिवाय उठत नाहीत.