स्टेलॅरियम: ३ एप्रिल ३३ ची संध्याकाळ लॅपटॉपवर

आज कुठला तारा कुठे आहे ते बघायला लोक स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर टाकतात, मी टाकलं ते फक्त एका प्रश्नासाठी, येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार नेमका कुठला. येशूला ही शिक्षा देणारा पिलात इ.स. २६ ते ३६ यहुदियाचा रोमन सुभेदार, आणि घटना ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळची, तो सण पौर्णिमेचा, त्यामुळे अभ्यासकांचा वाद बराचसा ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या दोन तारखांवर येऊन थांबतो. (पौर्णिमेलाच असल्यामुळे बायबलमध्ये सांगितलेला त्या दिवशीचा दुपारचा अंधार म्हणजे सूर्यग्रहण नव्हे, त्याला अमावास्या लागते.)

एफ सिक्स दाबून जेरुसलेम निवडलं, एफ फाइव्हमध्ये ३ एप्रिल ३३ ही तारीख टाकली, १५८२ च्या आधीची तारीख ते आपोआप जुन्या ज्युलियन कॅलेंडरची धरतं. संध्याकाळी सहापासून वेळ सावकाश पुढे नेली आणि पूर्वेला चंद्र उगवला तो कडेला ग्रासलेलाच! बायबलमधल्या ‘चंद्र रक्तासारखा होईल’ या ओळीशी काही जण हेच चंद्रग्रहण जोडतात, अंगावर काटा आला खरंच. पण सेटिंगमधलं वातावरण चालू ठेवून बघा, संधिप्रकाशात एवढासा उरलेला ग्रास नुसत्या डोळ्यांना कितपत जाणवला असेल, मला शंकाच आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डेल्टा टी, म्हणजे एकसारखी चालणारी वेळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ यांतला फरक. पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय, दोन हजार वर्षांत तो फरक पावणेतीन तासांच्या आसपास जातो. ही दुरुस्ती सेटिंगमध्ये काढून बघितली तर तेच ग्रहण रात्री, चंद्र चांगला वर आल्यावर लागतं, म्हणजे एक क्लिक चुकला की खोटा पुरावा तयार! ती चालूच असू द्या.

मग हेरोद, येशूचा जन्म ज्याच्या काळात झाला असं बायबल सांगतं तो यहुदियाचा राजा. तो मेला त्याच्या थोडं आधी चंद्रग्रहण झालं असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. इथे वर्ष टाकताना सांभाळा, सॉफ्टवेअरमध्ये शून्य वर्ष असतं म्हणून इ.स.पू. ४ साठी उणे ३ टाकायचं. १३ मार्च इ.स.पू. ४ चं खंडग्रास दिसतं, आणि १० जानेवारी इ.स.पू. १ चं खग्रासही दिसतं. आता जोसेफसच्या मनात यातलं कुठलं होतं हे आकाश कसं सांगणार, तिथे इतिहासच लागतो. हेरोदानंतर त्याचा मुलगा आर्खेलाउस नऊ-दहा वर्षं राज्य करून इ.स. ६ मध्ये हद्दपार झाला, तिथून मागे मोजलं की मला तरी इ.स.पू. ४ च पटतं.

फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. माझ्याकडून पाचपैकी पाच. पुढचा नंबर इ.स.पू. ७ च्या गुरू-शनी युतीचा, काही जण येशूच्या जन्मावेळच्या ताऱ्याशी ती जोडतात, त्या वर्षी दोघं मीन राशीत तीनदा जवळ आले होते, त्यासाठी एक अख्खा रविवार काढून ठेवलाय.