डाळ मिलच्या शेडला ऑफ व्हाइट पत्रा टाकला, सव्वा वर्ष वापरून झालं

बार्शीच्या थोडं बाहेर आमची छोटी डाळ मिल आहे, तिचं ३० बाय ६० फुटांचं नवीन शेड मागल्या साली दिवाळी झाल्या झाल्या उभं केलं. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दोन थंड्या बघून झाल्या. पत्र्याला कुठला रंग घेऊ म्हणून हल्ली मलाच फोन यायला लागलेत, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो.

रंग ठरवताना घरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखं चाललं होतं. धाकट्याला गडद निळा पाहिजे होता कारण रस्त्यावरून लांबून दिसतो, फॅब्रिकेटर पण म्हणत होता साहेब सगळे निळाच टाकतात, स्टॉकमध्येच आहे (स्टॉकमध्ये आहे हेच खरं कारण). हिला टेराकोटा, कौलारू दिसतं म्हणून. मला रंगातलं काही कळत नव्हतं, एवढंच माहीत होतं की जुन्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी एकनंतर बायका डाळ निवडायला बसू शकत नाहीत. म्हणून छताला ऑफ व्हाइट घेतला, राल ९००२ नंबरचा (राल म्हणजे रंगांना नंबर देणारं कार्ड), आणि घरात शांतता राहावी म्हणून पुढच्या पोर्चला टेराकोटा. ही तडजोड नंतर फार कामाला आली, कारण एकाच उन्हात एकाच जाडीच्या पत्र्याचे दोन रंग शेजारी शेजारी मोजायला मिळाले.

मोजायला आधी कोरोनातली कपाळाची बंदूक काढली, ती ४३ च्या पुढं नुसतं "हाय" दाखवते, हाय हाय करत ठेवून दिली. मग कारखान्यात वापरतात तसली आणली. मे महिन्यात दुपारी दोनला, बाहेर ४१ असताना, ऑफ व्हाइटची खालची बाजू ४९-५० आणि टेराकोटाची ६३. पहिल्यांदा मशीनच खराब वाटली म्हणून तीन दिवस मोजलं, तेवढंच आलं. पण एक सांगतो, ही बंदूक चकचकीत बिनरंगी पत्र्यावर धरू नका. मागं साध्या गॅल्व्हल्यूमचा (जस्त-ॲल्युमिनियमचा लेप दिलेला बिनरंगी पत्रा) एक तुकडा उन्हात पडला होता, त्याच्यावर ३८ आलं आणि हात लावला तर चटका बसला. चकचकीत धातू आपली उष्णता बाहेर सोडायला फार कंजूष असतो आणि बंदूक नेमकी तीच वाचते. त्याच्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप चिकटवून टेपवर मोजलं तेव्हा खरा आकडा कळला, साठच्या आसपास.

आता आत गारेगार झालं का, तर नाही. बाहेर ४१ असेल तर आतली हवा पण तेवढीच राहणार, रंग म्हणजे काही एसी नव्हे. पण डोक्यावर तवा ठेवल्यासारखं जे वाटायचं ते गेलं, बायका आता तीनपर्यंत बसतात, पंखे लागतातच.

भिंतींना पण ऑफ व्हाइटच टाकला, ही मात्र माझी चूक. छतावरची धूळ पावसानं धुऊन निघते, भिंतीवर वरचा तीन-चार फुटांचा पट्टा पागोळीच्या आडोशाला असतो, तिथं पाऊस पोचतच नाही. त्यात आमची डाळीची पिवळट धूळ, आणि खालून काळ्या मातीचे शिंतोडे दीड फुटापर्यंत. मधलाच भाग तेवढा स्वच्छ, म्हणजे शेड तिरंगी दिसतं. आता परत करायचं झालं तर छत ऑफ व्हाइटच, भिंती मातकट किंवा करड्या रंगाच्या, आणि खालचे तीन फूट विटांचं बांधकाम.

पहिल्या पावसानंतर छतावर बारीक तांबडे ठिपके आले, देवी आल्यासारखे. पत्राच गंजला म्हणून मी फॅब्रिकेटरवर ओरडलो. प्रत्यक्षात गंज पत्र्याचा नव्हता, स्क्रू मारताना आणि ग्राइंडरनं कापताना उडालेला लोखंडाचा चुरा तसाच वर पडून गंजला होता. निळ्यावर लगेच दिसला नसता, पण म्हणून तिथं पडला नसता असं नाही. काम झालं त्याच दिवशी संध्याकाळी मऊ झाडूनं छत झाडून घ्या, माणसाच्या मागं उभं राहून घ्या. आणि पत्र्यावर माप घ्यायला पेन्सिल देऊ नका, शिशाच्या रेघेवर ओल आली की तिथला लेप खातो, मार्कर द्या. चार पत्रे जास्तीचे त्याच वेळी घ्या, आम्ही दोन नंतर मागवले तर एक पांढरा आणि एक दुधाळ असं झालं.

डिसेंबरात पहाटे पोत्यांवर पाणी टपकायला लागलं, पोरं म्हणाली मालक नवीन पत्रा गळतोय. गळत नव्हता. रात्री मोकळ्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षा जास्त गार पडतो आणि आतली ओल खालच्या बाजूला दवासारखी धरते. हे कुठल्याही रंगाला होतं, पांढऱ्याचा दोष नाही. वर दोन टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून आतली हवा बाहेर काढणारे) बसवल्यावर बरंच कमी झालं.

जुन्या शेडचं पण सांगतो, कारण रंगवायचं विचारणारे जास्त आहेत. अण्णांनी जस्ताच्या नव्या पत्र्यावर रेड ऑक्साईड आणि वर ऑइलपेंट मारला होता, दोन पावसाळ्यांत पापडासारखा सुटून आला. जस्त आणि ऑइलपेंटचं तेल यांचा आपसात साबण होतो आणि रंगाखालची पकडच जाते, कितीही महाग डबा आणा. यावेळी सुटलेला सगळा खरवडला, साबणाच्या पाण्यानं धुतलं, जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला पकड देणारा पहिला हात, आणि वर बाहेरचा ॲक्रेलिक पांढरा, दोन हात. कंपनीच्या भाजलेल्या रंगाची सर नाही, बोटावर आत्ताच थोडी पावडर येते. पण सुटलेला नाही.

मागच्या अंगाला राहणाऱ्या काकूंची तक्रार मात्र अजून मिटली नाही. त्यांचं घर दोन मजली, सकाळी नऊ-साडेनऊला आमच्या छतावरची तिरीप थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. रंगाच्या शेड कार्डवर हे कोण सांगतं? रंग तर आता बदलता येत नाही, म्हणून जूनमध्ये बांधावर पाच शेवगे लावले. तीन जगले, त्यातला एक खिडकीच्या उंचीला आलाय. काकू म्हणतात, शेंगा लागल्या की बघू.