साताऱ्याच्या डोंगरात क्रोमोली फ्रेम: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सायकलची फ्रेम ४१३० क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची, आणि बटेड, म्हणजे टोकांना जाड व मध्ये पातळ नळ्यांची. २९ इंची चाक, पुढे रिजिड (स्प्रिंग नसलेला) फोर्क, मागे १२×१४८ मिमीचा थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाचा आरपार आस), ७३ मिमीचा आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचं बेअरिंग), २७.२ मिमीची सीटपोस्ट, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या आसापर्यंतची नळी) ४४० मिमी. गेल्या उन्हाळ्यात सायकल जोडली आणि ती मुख्यतः यवतेश्वर-कास-बामणोली, ठोसेघर-चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे मुरमाड रस्ते, सडावाघापूर आणि पूर्वेकडे खटाव-माणच्या पाणंदी यांवर वापरली. पाण्यासकट सामान बारा किलोपर्यंत. या भागात बाइकपॅकिंगसाठी, म्हणजे सायकलवर सामान बांधून भटकण्यासाठी, फ्रेम घेणाऱ्यांनी वजनाचा आकडा नंतर बघावा, आधी मागचा त्रिकोण बघावा, असं वापरानंतरचं ठाम मत आहे. चिखल अडकतो तिथे, टाच लागते तिथे, हँगर (मागचा गिअर बसतो तो कान) वाकतो तिथे आणि पाणी साठतं तेही तिथेच.

वजनाचं आधी संपवतो. तशाच अ‍ॅल्युमिनियम फ्रेमपेक्षा ही साधारण एक किलोनं जड आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले, तर एक किलो म्हणजे जेमतेम एक टक्का. अर्ध्या तासाच्या खड्या चढाला अठरा-वीस सेकंद जास्त लागतात. चढावर खरा फरक गिअरिंगचा पडतो. पुढे ३० दातांची चेनरिंग आणि मागे ५१ दातांचा मोठा स्प्रॉकेट असला, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.३५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग तासाला पाच किलोमीटरच्या आतबाहेर राहतो. सामानासह चढताना गुडघे शाबूत ठेवायला एवढा हलका गिअर लागतोच.

आता चिखल. ३० मिमी रुंद रिमवर २.४ इंची टायर प्रत्यक्षात ६१ मिमी भरतो. या फ्रेममध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मिमी जागा उरते. जांभ्याच्या लाल चिखलात तेवढी पुरते, कारण तो पातळ असतो आणि चाक फिरताना निघून जातो. मात्र त्यात बारीक खर असते. ती टायर आणि चेनस्टेच्या मध्ये सापडली, की पॉलिश पेपरसारखी घासते. एका ओल्या दिवसात चेनस्टेच्या आतल्या बाजूचा रंग जाऊन नळीचा चकचकीत धातू दिसायला लागला. तिथे आधीच जाड पारदर्शक टेप लावा. फ्रेम बॅगचे पट्टे जिथे जिथे येतात तिथेही लावा.

काळ्या मातीचं गणित वेगळं. खटावकडच्या पाणंदीत, विशेषतः उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडल्या असतील तर, दहा मिमी जागा असली तरी चाक पन्नास पावलांत जाम होतं. तिथे कुठलीच फ्रेम कामाला येत नाही. बांधाच्या गवतावरून सायकल ढकला आणि हाताशी चपटी काडी ठेवा. पावसाळ्यापुरता २.२५ चा टायर घातला तर प्रत्येक बाजूला आणखी दोन मिमी मिळतात. आम्ही जून ते ऑक्टोबर तोच ठेवतो. पाऊस संपला की सराटे आणि बाभळीचे काटे सुरू होतात. मग ट्यूबलेसमध्ये प्रत्येक चाकात १०० ते १२० मिली सीलंट हवंच.

फ्रेम घ्यायला जाताना टेप घेऊन जा. दुकानात चाक आणि टायर चढवलेला असेल तर चेनस्टेच्या आडव्या पट्टीपाशी, सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या आसाकडे येणाऱ्या नळ्यांच्या) पुलाखाली आणि फोर्कच्या क्राउनखाली, अशा तिन्ही ठिकाणी अंतर मोजा. ‘२.४ पर्यंत चालतो’ असं छापलेलं असतं ते कोरड्या, नव्या टायरचं असतं. सहा मिमीच्या खाली जागा असेल तर ती फ्रेम आपल्याकडच्या पावसाची नाही.

स्टील म्हटलं की गंजाचा प्रश्न येतो. गंज बाहेरून दिसत नाही, तो नळीच्या आत धरतो. पाणी मुख्यतः सीटपोस्टच्या कॉलरच्या (आवळायच्या कडीच्या) खाचेतून शिरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साठतं. मागच्या चाकाचा फवारा थेट त्या खाचेवर बसतो, म्हणून जुन्या ट्यूबची चार सेंटिमीटरची पट्टी कापून कॉलरवर चढवा. बॉटम ब्रॅकेटच्या खाली निचऱ्याचं भोक आहे का, तेही घेतानाच बघा. या फ्रेमला आहे, पण ते रंगानं बुजलेलं होतं. सुईनं मोकळं करावं लागलं.

आतून तेल पाजणं हे एका दिवसाचं काम आहे आणि ते मे महिन्यात करावं. फोर्क, सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढा. बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळतं, म्हणजे जवसाचं तेल. ते साठ-सत्तर मिली पुरतं. सीट ट्यूबमध्ये, हेड ट्यूबच्या (फोर्क बसतो त्या नळीच्या) आतल्या भोकांतून टॉप (वरच्या) आणि डाउन (खालच्या) ट्यूबमध्ये, आणि बॉटम ब्रॅकेटकडून चेनस्टेमध्ये थोडं थोडं ओता. भोकं चिकटपट्टीनं बंद करून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा. रात्रभर उलटी टांगून निथळू द्या, आटे आणि बेअरिंगच्या जागा लगेच पुसून घ्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

‘स्टीलची फ्रेम मोडली तर कुठल्याही गावात वेल्डिंग होतं’ हे अर्धसत्य आहे. बटेड नळीचा पत्रा मधल्या भागात अर्धा-पाऊण मिमीचा असतो. ट्रॉली आणि दरवाजे जोडणारा वेल्डर आर्कनं त्याला सरळ भोक पाडेल. कॅरिअरचा तुटलेला कान पितळेच्या सळईनं गॅसवर जोडून घेता येतो, तेवढ्यापुरता गावातला कारागीर नक्की कामाचा. नळीला तडा गेला तर टिग वेल्डिंग करणाराच शोधा. तरीही ६०६१ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हे सोपं, कारण त्याला जोडल्यानंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते आणि ती कोणी देत नाही.

सामान लावण्याच्या जागा भरपूर आहेत. फोर्कच्या प्रत्येक पायावर तीन बोल्टची जागा आहे आणि मर्यादा बाजूला तीन किलो. डाउन ट्यूबच्या खालीही एक पिंजरा बसतो. बोल्ट सगळे एम-५, त्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) आणि पाच न्यूटन-मीटरच्या आसपास ताण. चाळकेवाडीच्या खडीवर थ्रेडलॉकर न लावलेले बोल्ट एका दिवसात ढिले होतात, त्यामुळे चार जास्तीचे बोल्ट हँडलच्या टोकात ठेवा. ४४० च्या चेनस्टेला ९ नंबरच्या बुटाची टाच मागच्या पिशवीला निसटती लागते. पिशवी दोन सेंटिमीटर मागे सरकवली की प्रश्न मिटतो.

पूर्ण त्रिकोणाची फ्रेम बॅग मात्र विचार करून घ्या. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाहीत. पठारावर आडवा वारा आला की ती पिशवी शिडासारखी भरते आणि सायकल फूटभर बाजूला जाते. अर्धी बॅग आणि फोर्कवर पाणी, ही मांडणी जास्त स्थिर राहते. सगळं वजन सीटबॅगमध्ये कोंबलं तर बामणोलीच्या उतारावर वेग वाढताच हँडल थरथरायला लागतं. चार किलो मागून काढून पुढे आणि मध्ये आणले की तीच फ्रेम शांत चालते. त्या उतारांसाठी पुढे-मागे १८० मिमीचे रोटर (डिस्क ब्रेकच्या चकत्या) लावलेत. मागे केवढा रोटर मावतो, हे फ्रेमगणिक वेगळं असतं.

कासला पठारावर सायकल उतरवू नका. २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीतली जागा आहे. डांबरी रस्त्यानंच पुढे जा.

तक्रार दोन गोष्टींची. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत रंग भरलेला होता आणि टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवल्याशिवाय कप हातानं तीन फेरेही जात नव्हता. तसाच पान्यानं दामटला असता तर आटे गेले असते. दुसरं, हँगर या फ्रेमचा वेगळाच आहे आणि विक्रेत्याकडे सुटा मिळाला नाही. खडकावर सायकल उजवीकडे पडली की सगळ्यात आधी तोच वाकतो, आणि बामणोलीची बोटीतली फेरी राहिली बाजूला, तिथून गिअरशिवाय चढून यावं लागतं. पैसे देण्याआधी फ्रेमसोबत दोन जादा हँगर मागा. मिळत नसतील तर दुसरी फ्रेम बघा.

ज्यांचं मुख्य चालवणं महामार्गावर, खंबाटकीमार्गे पुण्याला किंवा ब्रेव्हेचं (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीचं) असेल, त्यांनी ही घेऊ नये. त्यांना हलकी अ‍ॅल्युमिनियम ग्रॅव्हल फ्रेम आणि ४० मिमीचा टायर बरा. मापाच्या बाबतीत दोन साइजच्या मध्ये येत असाल तर मोठी घ्या, त्रिकोणात पाणी आणि तंबू मावतो. फक्त उभं राहिल्यावर टॉप ट्यूबवर चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहते का, ते चपला न घालता, बूट घालून तपासा.