बिल खरं होतं, गाडी दुसरी होती

गाडीबद्दल काही माहीत नव्हतं म्हणून मी फसलो, असं म्हणायलाही मला तोंड नाही. गाडी बघायला जाण्याआधी महिनाभर मी वाचत होतो. अल्फा रोमिओ १५६मध्ये काय बिघडतं, कधी बिघडतं, दुरुस्तीला किती लागतात, सगळं पाठ होतं. गोम एवढीच की विकणाऱ्यानेही तेच वाचलेलं होतं.

ही २०१७ची गोष्ट. मी तेव्हा इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला राहत होतो. गाडी २००१ची, दोन लिटरचं ट्विन स्पार्क इंजिन, रनिंग ९१ हजार मैल, किंमत १,४५० पौंड. १५६ ही १९९८ची युरोपियन कार ऑफ द इयर. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या कडेला लपवलेली, त्यामुळे चार दारांची गाडी लांबून दोन दारांची वाटते. नंबर प्लेट नाकाच्या एका बाजूला सरकवलेली. आमच्या घरी रत्नागिरीला प्रीमियर पद्मिनी होती. बनली कुर्ल्याला, पण घरात सगळे तिला फियाटच म्हणायचे. त्यामुळे इटालियन गाडीचं वेड लहानपणापासूनचं, असं मी बायकोला सांगून बघितलं. तिचा विश्वास बसला नाही.

गाडी बघायला गेलो तेव्हा ती एका घरापुढे धुऊन-पुसून उभी होती. बोनेटवर हात ठेवला तर गरम. "आत्ताच पेट्रोल भरून आणली, तुम्हाला रिकामी टाकी कशी देऊ," असं तो म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं! बाबा जुनी गाडी बघायला जाताना आधी निरोप धाडायचे, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." ते मला आठवलं, पण परत येताना.

मी विचारायला लागलो आणि त्याची उत्तरं तयार होती. ट्विन स्पार्क तेल पिते. तो म्हणाला, दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिकने तेल बघतो, डिकीत टेन-डब्ल्यू-फॉर्टी तेलाचा डबा ठेवलाय. होता. पुढच्या चाकांना धरणारे वरचे विशबोन कुरकुरतात. नवे टाकले होते, चकचकीत दिसत होते. नवी चावी बनवायला लागणारं, चावीबरोबरचं कोड कार्ड हरवलेलं असतं. त्याने पाकिटातून काढून दाखवलं. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर? मागच्या वर्षी बदलला. एखाद्या तोंडी परीक्षेत मीच नापास होतोय, असं वाटायला लागलं.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. या इंजिनाचा बेल्ट ७२ हजार मैलांनी बदला, असं कंपनी सुरुवातीला सांगायची. बेल्ट त्याच्या कितीतरी आधी तुटायला लागले, तेव्हा तो आकडा निम्म्यावर, ३६ हजारांवर आणला. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि या किमतीच्या गाडीचं इंजिन मग उघडण्यात अर्थ उरत नाही. म्हणून मी बिल मागितलं. त्याने फाइल काढली, स्टेपल केलेले दहा-बारा कागद उलटत नेमकं पान समोर धरलं: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मजुरी. चौदा महिन्यांपूर्वीची तारीख, गॅरेजचा शिक्का. पैसे रोख दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चालू केली आणि समोरून डिझेल रिक्षा आल्यासारखा खडखडाट झाला. काही सेकंदांत थांबला. व्हेरिएटर. व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारा हा भाग कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो, आणि तो झिजला की थंड इंजिन असंच वाजतं. इंजिन गरम करून ठेवायचं कारण हे होतं. जाणकार मेकॅनिक बेल्ट बदलतानाच व्हेरिएटरही बदलतो, कारण त्यासाठी सगळं पुन्हा खोलायची मजुरी कोण देणार?

अल्फाचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने कव्हर काढून आत टॉर्च मारला. बेल्टला आडव्या भेगा. वॉटर पंप प्लास्टिकच्या पात्यांचा, जुनाच. मी फाइल पुढे केली. त्याने बिल वाचलं आणि विचारलं, "यात बॅलन्सर बेल्ट कुठाय?"

दोन लिटरच्या ट्विन स्पार्कला दुसरा छोटा बेल्ट असतो, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचा. तो टायमिंग बेल्टबरोबरच बदलतात. हे मला माहीत होतं! बिलात तो नव्हता, व्हेरिएटर नव्हता, आणि मी ते बिल दोनदा वाचलं होतं. मेकॅनिकने स्टेपलची पिन काढली. वरची कड दुमडून पिनेखाली दाबलेली होती. उलगडली तर तिथे गाडीचा नंबर, माझ्या गाडीचा नाही. बिलावरच्या गॅरेजला फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं, ती १५६च होती, पण डिझेल, १.९ जेटीडी. बिल अगदी खरं होतं.

मग गाडी वर उचलली. तळाला नुकताच काळा जाड थर मारलेला. वार्षिक एमओटी तपासणीत टेस्टर असा थर खरवडत नाही, त्यामुळे गाडी पास. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बिस्किटासारखा आत गेला. आमच्या फियाटला कोकणातल्या पावसाने हेच केलं होतं. बाबा भोकावर पोतं टाकायचे, पण विकताना पोतं उचलून दाखवलं होतं.

हिशेब असा: बेल्ट, पंप, व्हेरिएटर ६४० पौंड, तळाचं वेल्डिंग ९०० पौंडांच्या पुढे.

त्याचा फोन बंद. त्या घरी गेलो तर एका म्हातारबाईंनी दार उघडलं. तो तरुण अधूनमधून रस्त्यावर गाड्या धूत असतो, एवढंच त्यांना ठाऊक. तिथलं आरसी बुक म्हणजे व्ही-फाइव्ह-सी. त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं आणि "भावाची गाडी आहे" हे मी मान्य केलं होतं. व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर तो हक्क नाही, फक्त वर्णन खोटं असल्याचा दावा लावता येतो, आणि त्यालाही समोर नाव-पत्ता असलेला माणूस लागतो. म्हणूनच असे व्यापारी घरगुती माणसाचं सोंग घेतात. ते सोंग हाच तिथे गुन्हा आहे. मी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवली, त्यांनी ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवली.

एक गोष्ट मात्र त्याच्या हुशारीची. मैलांचे आकडे त्याने बदलले नव्हते. एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकला की फुकट दिसतो, तो मी बघणार हे त्याला माहीत होतं. घरबसल्या तपासता येण्यासारखं सगळं खरं ठेवलं होतं. आता मी कुणाची गाडी बघायला गेलो तर बिलांच्या पिना काढून मागतो, समोरच्याला कितीही राग येवो. आणि कार्पेट उचलतो.

गाडी सुट्या भागांसाठी ४०० पौंडांना गेली. सहा महिन्यांनी जाहिराती चाळताना एक अल्फा १४७ दिसली. फोटोत मागे तीच विटांची भिंत, तोच हिरवा कचऱ्याचा डबा. खाली लिहिलं होतं: टायमिंग बेल्ट बदललेला, बिल उपलब्ध.